उसना अंगठा

आईची प्रकृती बिघडल्याचे कळले आणि 2023 च्या सप्टेंबरात आम्ही पुण्याहून उदगीरला धावलो. त्या घाईत एक लहानशी वस्तू कार्यालयातील संगणकालाच लावलेली राहिली: आमच्या डिजिटल सहीचे यूएसबी टोकन. आम्ही व्यवसायाने सनदी लेखापाल. लेखापरीक्षणाचे अहवाल या सहीवाचून दाखल होत नाहीत, आणि मुदत तर 30 सप्टेंबरची.

प्रथम काळजी वाटली नाही. रिमोट डेस्कटॉपच्या सोयीने पुण्याचा संगणक उदगीरच्या घरातून चालवता येत होता, आणि टोकन त्यालाच जोडलेले होते. परंतु सही करावयास गेलो, तर टोकन सापडेचना! चौकशीअंती उमगले, की अशा जोडणीत विंडोज प्रणाली दूरच्या संगणकाला लावलेले टोकन पाहत नाही. माणूस जेथे बसला आहे, तेथले पाहते.

कार्यालयातील सहायिका फोनवर म्हणाल्या, "सर, पिन सांगा. मी इथूनच सही करून टाकते."

पिन ओठांवर आला होता. खाटेवर पडलेल्या आईने सारे ऐकले होते. ती म्हणाली, "रेशनच्या दुकानात माझा अंगठा मीच लावते की रे. अंगठा कुणाला उसना देता येतो का?"

आम्ही वरमलो. सहीची गुप्त किल्ली आपल्याच ताब्यात राहील याची काळजी घ्यावी, असे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 चे कलम 42 सांगते. हेच कलम आम्ही अशिलांना कितीदा ऐकवले होते!

दुसऱ्या दिवशी रात्रीच्या बसने पुतण्या टोकन घेऊन निघाला व सकाळी पोहोचला. ते उदगीरच्या संगणकाला लावले, जोडणी करताना 'लोकल रिसोर्सेस'मध्ये 'स्मार्ट कार्ड'वर खूण केली, आणि पुण्याच्या पडद्यावर आमचे नाव उमटले. किल्ली टोकनाबाहेर पडतच नाही. दस्तऐवजाचा गणिती सारांश तेवढा तिच्याकडे येतो आणि तयार झालेली सही परत जाते. कागद पुण्यात होता. सही मात्र आईच्या खाटेशेजारी झाली.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमच्या खणातही काही अशिलांची टोकने पिनच्या चिठ्ठ्यांसह पडून होती. पुण्यास परतल्यावर ती ज्याची त्याला देऊन टाकली. दोघेजण नाराज झाले. त्यांना आम्ही आईचा प्रश्न सांगितला.