विजेचा हत्ती आणि अणशीचा घाट

अणशीचा घाट भरल्या टेंपोतून जे चढले-उतरले आहेत, त्यांच्यापुढे विजेवर चालणाऱ्या मालमोटारीचे नाव काढले की ते आधी हसतात आणि मग विचारतात, "चढणीवर बॅटरी संपली तर ढकलायला कोण येणार, वाघ?" आमचे गाव काळी व्याघ्र प्रकल्पाच्या पोटात वसलेले असल्यामुळे हा विनोद अगदीच हवेतला नव्हे. परंतु आमच्या घरी हा विषय विनोदाचा राहिलेला नाही. काकांचा डिझेलवरील 'छोटा हत्ती' आता थकला आहे. नवा घ्यावयाचा तो डिझेलचा की विजेचा, या प्रश्नावर जेवून हात वाळले तरी बोलणे संपत नाही. दहावीत शिकणाऱ्यास घरच्या कर्जाच्या गोष्टीत मत नसते. गणित मात्र असते असे वडीलधाऱ्यांस वाटते. म्हणून हिशेबाचे काम आमच्याकडे आले.

काकांची फेरी ठरलेली. मुडली व इतर कंद, फणस, कोकम, मिरी, सुपारी असा ऋतूप्रमाणे जो माल असेल तो खाली कारवारास जातो; वर येताना किराणा, पशुखाद्य, क्वचित पत्रे. कारवार येथून अजमासे पन्नास-पंचावन्न किलोमीटर. इतर दिवशी कुंभारवाडा, जोयडा. संध्याकाळी गाडी अंगणात.

विजेच्या मालमोटारीला नेमके असेच काम मानवते. ही कल्पना नवीही नाही. इंग्लंडात विसाव्या शतकात पहाटे दारोदार दूध पोहोचविणाऱ्या हजारो गाड्या शिशाच्या जड बॅटऱ्यांवर चालत. वाट ठरलेली, अंतर थोडे, थांबे पुष्कळ आणि रात्री मुक्कामाला घर, एवढ्यावर त्यांचे निभले. आता लिथियमच्या बॅटऱ्या आल्या. आपल्याकडे मे २०२२ मध्ये टाटांनी 'एस'ची विजेवरील आवृत्ती आणली. तिची बॅटरी २१.३ युनिटांची, वाहण्याचा भार ६०० किलोग्रॅम आणि प्रमाणपत्रातील पल्ला १५४ किलोमीटर. प्रमाणपत्रातील पल्ला आणि आमचा रस्ता यांची अद्याप गाठ पडलेली नाही, हे उघडच आहे. म्हणून आम्ही शंभर किलोमीटरच धरले. म्हणजे कारवारास माल उतरेपर्यंत थोडी वीज भरून घ्यावी लागणार.

आता घाट. ओझे उंचावर नेण्यास लागणारी ऊर्जा म्हणजे वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार, हे विज्ञानाच्या पुस्तकात आहे. भरलेल्या गाडीचे वजन १८४० किलोग्रॅम आणि चढ ५०० मीटरांचा धरला, तर उत्तर येते सुमारे नव्वद लाख ज्यूल. विजेचे एक युनिट म्हणजे छत्तीस लाख ज्यूल. तेव्हा ज्या घाटाचा एवढा धाक, तो चढावयास लागतात अडीच युनिटे! रस्त्याचे घर्षण आणि यंत्रातील नाश यांपायी दुप्पट धरली तरी पाच. म्हणजे बॅटरीचा चौथा हिस्सादेखील नव्हे. आम्ही हे गणित तीनदा करून पाहिले.

उतरताना तर मौजच. डिझेलची गाडी उतरणीवर ब्रेक जाळीत येते; त्याचा वास आमच्या परिचयाचा आहे. विजेच्या गाडीत मोटारच जनित्र होते आणि उतरण्याच्या ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत येतो. स्वित्झर्लंडात बील शहराजवळच्या एका खाणीत अशी प्रचंड मालमोटार आहे; ती डोंगरावरून भरलेली उतरते आणि रिकामी चढते, त्यामुळे तिला बाहेरून वीज फारच थोडी लागते. काकांच्या हत्तीचा जड माल उलट वर यावयाचा असतो, म्हणून तेवढे भाग्य आमचे नाही. शिवाय एक खोच आहे. आमचे घर घाटमाथ्यावर. रात्री बॅटरी काठोकाठ भरून सकाळी उतरावयास लागलो, तर परत येणारी वीज ठेवावयास जागाच उरणार नाही. तेव्हा घरी थोडी रिकामी ठेवूनच निघावे.

गाडीचा खर्च शंभर किलोमीटरला वीस युनिटे धरला, आणि काकांच्या वहीतील सहा लिटर डिझेल त्याच्यासमोर मांडले, तर वीज तिसऱ्या हिश्शाच्या आसपास पडते. किंमत मात्र डिझेलच्या गाडीहून पुष्कळच अधिक, म्हणजे हप्ताही मोठा.

तरी काकूंनी एकाच वाक्याने सगळे गणित थांबविले. "वीज गेली तर?" काळी नदीवर सुपा, कोडसळ्ळी, कद्रा अशी धरणे आहेत, जुने सुपे गाव त्यासाठी पाण्याखाली गेले. घाटाखाली कैग्यास चार अणुभट्ट्या आहेत. एवढी वीज आमच्या डोळ्यांदेखत निर्माण होते आणि तारांवरून दूर जाते. येथे आषाढात एक फांदी पडली की दोन-दोन रात्री अंधार. आमच्या मते विजेच्या मालमोटारीची खरी चढण ही आहे, घाट नव्हे. दुरुस्ती जाणणारा माणूस जवळपास नसणे ही दुसरी. डिझेलचे इंजिन तरी येथे दहाजण उघडू शकतात.

म्हणून जूनपासून दिनदर्शिकेवर वीज गेलेल्या रात्री आम्ही लाल शाईने खुणावीत आलो. सलग दोन रात्री वीज नव्हती असे प्रसंग तीन आढळले. त्यांपैकी दोन वेळा पावसामुळे माल निघालाच नव्हता. खरी बुडाली असती ती एकच फेरी. थकलेल्या हत्तीने दुरुस्तीपायी याच पावसाळ्यात चार बुडविल्या होत्या. हे काकूंनीच मोजून सांगितले. काकांनी अद्याप होकार दिलेला नाही. पण परवा ते वायरमनला, अंगणात पंधरा अँपियरचा सॉकेट आणि चांगले अर्थिंग करावयास काय पडेल, असे विचारीत होते.