कशावरून?

झाडाचें नांव सांगणें हें जगांतील सर्वांत सोपें काम आहे, असा पुष्कळांचा समज दिसतो. रस्त्यानें जातांना एखाद्या झाडाकडे बोट दाखवून नांव विचारावें, कीं चार जण तत्काळ चार नांवें सांगण्यास सिद्ध असतात. त्यांपैकीं कोणासही "कशावरून?" असें विचारलें, तर मात्र बहुधा संभाषणाचा रंग पालटतो. कोणी म्हणतो, आमच्या गांवीं ह्याला असेंच म्हणतात. कोणी म्हणतो, पाहतांक्षणींच कळतें. आणि जो वयानें वडील असेल तो रागावतो. आम्हांस हा लहानसा प्रश्न फार आवडतो, व त्याच्यापायीं आम्ही आप्तेष्टांत थोडेसे अप्रियही झालों आहों. तरी त्याचीच थोडी वकिली येथें करण्याचें योजिलें आहे.

दसऱ्याचें उदाहरण घ्या. त्या दिवशीं सोनें म्हणून आपण जें पान एकमेकांस देतों, तें आपट्याचें असावें असा परिपाठ आहे. परंतु शहरांतील बाजारांत आपट्याच्या नांवाखालीं जे ढीग विकावयास येतात, त्यांत कांचनाच्या फांद्याही पुष्कळदां असतात. दोन्ही झाडें एकाच प्रजातींतील. दोघांचींही पानें मध्यें दुभंगलेलीं, जणूं दोन पानें कडेनें एकमेकांस चिकटवावीं तशीं. बाउहिनिया हें ह्या प्रजातीचें शास्त्रीय नांव योहान व गास्पार बाउहिन ह्या दोघां सख्ख्या भावांवरून पडलें आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत ते मोठे वनस्पतिज्ञ होऊन गेले, आणि जुळ्या पानाहून अधिक शोभणारें स्मारक त्यांस मिळालें नसतें.

एवढें साम्य असल्यावर घोटाळा होणें नवल नाहीं. परंतु पान हातांत घेऊन "कशावरून?" म्हणून पाहूं लागलें, कीं फरक डोळ्यांस दिसूं लागतो. आपट्याचें पान लहान, जाडसर व लांबीपेक्षां रुंदीला अधिक. कांचनाचें त्याहून बरेंच मोठें. तरीही पान हा कच्चा साक्षीदार आहे. एकाच झाडाच्या जोमदार फुटव्यावर तें मोठें, तर रोडक्या फांदीवर लहान असूं शकतें. पक्की साक्ष फुलाची. आपट्याचें फूल बारीक, पिवळट-पांढरें, व त्यांत पुंकेसर दहा. कांचनाच्या ज्या दोन जाती आपल्या बागांतून नेहमीं आढळतात, त्यांपैकीं एकीच्या पाकळ्या रुंद व एकमेकींवर चढलेल्या असून तिच्यांत परागधारी पुंकेसर पांच असतात. दुसरीच्या पाकळ्या अरुंद व सुट्या असून तिच्यांत ते बहुधा तीन. दहा, पांच आणि तीन! हें मोजण्यास ना सूक्ष्मदर्शक यंत्र लागतें, ना पदवी. स्वच्छ डोळे व थोडा धीर असला म्हणजे शाळकरी मुलासही तें साधतें.

कांचनाचें पान दिल्यानें मनांतील स्नेह उणा होत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु हाच घोटाळा औषधांत शिरला म्हणजे त्यास हंसून चालत नाहीं. रस्त्याच्या कडेला जें उंच, सरळ, हिरवेंगार झाड अशोक म्हणून ओळखलें जातें, त्याचें पान साधें, लांबट व कडेला लाटा उठलेलें. फूल हिरवट, सहा पाकळ्यांचें. सीतेचा अशोक म्हणतात तो निराळा. त्याचें पान संयुक्त, एका दांड्यावर पर्णिकांच्या जोड्या. फुलांचे नारिंगी-तांबडे घोस, आणि त्या फुलांस पाकळ्या मुळींच नसून रंगीत दिसतो तो केवळ निदलपुंज. पहिलें झाड सीताफळाच्या कुळांतलें, दुसरें शेंगा धरणाऱ्या कुळांतलें. (सीतेचें नांव ज्याच्या फळांत आहे, त्या सीताफळाचें गोत्र नेमकें तोतयाशीं जुळावें, ही गंमत आम्हांस नेहमीं वाटते.) वैद्यकांत साल वापरतात ती सीतेच्या अशोकाची, तिच्या जागीं दुसऱ्याची साल विकली जाते, असें तपासणींत वारंवार आढळलेलें आहे. ब्राह्मीचीही तीच कथा. त्या एका नांवाखालीं कोणी गोल पानांची, लांब देठाची मंडूकपर्णी देतो, तर कोणी पाणथळींत वाढणारी, बारीक मांसल पानांची जलब्राह्मी. दोहोंत नात्याचा लेशही नाहीं.

याहून गंभीर प्रकार कळलावीचा. पावसाळ्यांत कुंपणावर चढून आगीच्या ज्वाळांसारखीं तांबडीं-पिवळीं फुलें उधळणारी ही वेल कोणी पाहिली नसेल? तिच्या सर्वांगांत, विशेषतः कंदांत, कोल्चिसीन नांवाचें जहाल विष असतें. तो कंद रताळें किंवा दुसरा खाण्याचा कंद समजून खाल्ल्यामुळें माणसें दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयांत आहेत. येथें "पाहतांक्षणींच कळतें" असें म्हणणाऱ्याचा भरंवसा कोण धरील?

आम्हांस ह्या विषयांतला उत्तम पाठ मिळाला तो मात्र ग्रंथांत नव्हे. एका श्रावणांत घाटाखालच्या एका पाड्याजवळ एक वृद्ध ठाकर बाई रानभाजी खुडीत होत्या. त्यांच्या हाताशींच एक कोंवळी वेल लवलवत होती. आम्हीं मुद्दाम विचारलें, "आजी, ही कां नाहीं घेत?" त्यांनीं वर न पाहतां उत्तर दिलें, "तिचं टोक बघा." पाहिलें तों पानाचें अग्र बारीक होत जाऊन स्प्रिंगेसारखें वेटोळें झालेलें, ती कळलावी होती. आम्हीं पुन्हां विचारलें, "आणि टोक वळलेलें नसेल तर?" त्या म्हणाल्या, "मग थांबायचं. ओळख पटल्याबिगर तोंडात घालायचं नाही." त्यांस अक्षरओळख होती कीं नाहीं, हें आम्हीं विचारलें नाहीं, विचारण्याचें कारणही उरलें नव्हतें. संस्कृतांत ह्याच वेलीस लांगली म्हणतात. लांगल म्हणजे नांगर, आणि तिचा कंद नांगरासारखा वांकडा असतो. नांव ठेवणाऱ्यानेंही खूण पाहूनच नांव ठेविलें होतें.

शास्त्रज्ञ हेंच करतात. फक्त ते आपली साक्ष जपून ठेवतात. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत १९०६ सालीं स्थापन झालेला ब्लाटर वनस्पतिसंग्रह आहे. फादर एथेलबर्ट ब्लाटर (१८७७–१९३४) ह्यांचें नांव त्यास दिलेलें आहे. अशा संग्रहांत वाळविलेली फांदी जाड कागदावर चिकटवून ठेवतात, व शेजारीं ती कोठें, कोणत्या दिवशीं, कोणीं तोडली हें लिहितात. शंभर वर्षांनंतर कोणास शंका आली, तर तो तोच कागद काढून पुंकेसर पुन्हां मोजूं शकतो. थिओडोर कुक हे व्यवसायानें अभियंते. परंतु मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ ह्या काळांत निघाला, आणि आजही ओळख पटविण्यासाठीं तो उघडला जातो. फादर सांतापाव ह्यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९५३ सालचा. हे लोक स्वतःच्या नजरेवर विसंबले नाहींत, म्हणूनच त्यांच्यावर आपणांस विसंबतां येतें.

हल्लीं खिशांतील फोनानें झाडाचें चित्र घेऊन नांव विचारण्याची सोय झाली आहे, व ती आम्हीही वापरतों. परंतु बहुतेक चित्रें असतात तीं एका सुंदर फुलाचीं! पानें समोरासमोर आहेत कीं एकाआड एक, देठ मोडला असतां चीक निघतो कीं नाहीं, पान चुरगाळल्यास वास कसला येतो, पानाच्या पाठीवर लव आहे काय, ह्यांपैकीं त्या चित्रांत कांहींच नसतें. मग उत्तर देणाऱ्यानें तर्क करावा, आणि विचारणाऱ्यानें तो वेदवाक्य मानावा, असा प्रकार चालतो.

आमच्यापाशीं एक साधी वही आहे. तींत झाडाचें नांव सर्वांत शेवटीं लिहावयाचें, आधीं खुणा लिहावयाच्या, असा आम्हीं नियम केला आहे. आणि खुणा पुरल्या नाहींत तर नांवाची ओळ कोरी ठेवावयाची. अशा कोऱ्या ओळी सध्यां अकरा आहेत. त्यांतील एक वेल आमच्या घरामागच्या बांधावरचीच. पानें समोरासमोर, देठांत पांढरा चीक, पानाच्या पाठीवर लव, एवढें तीन पावसाळ्यांत टिपलें आहे. फूल मात्र अद्याप एकदांही सांपडलेलें नाहीं. गुरें तिचे शेंडे खाऊन टाकतात, म्हणून यंदा तिच्याभोंवतीं बोरीच्या कांट्या लावल्या आहेत.