कोंबडीचे ऋण

उपकारकर्त्यांची आठवण ठेवण्यात मनुष्यजात फार निवडक असते. ‘व्हॅक्सिन’ या शब्दाच्या पोटात गाईचे लॅटिन नाव कायमचे जाऊन बसले. परंतु प्रयोगशाळेत दुर्बळ केलेल्या जंतूंची पहिली लस १८८० च्या सुमारास लुई पाश्चरने जिला टोचली, ती कोंबडी मात्र उपेक्षितच राहिली.

तिची आठवण होते ती तिचा ज्वर आपल्या दाराशी आल्यावर! १९९७ साली हाँगकाँगमध्ये १८ माणसांना तो जडला आणि ६ दगावली. २००६ च्या फेब्रुवारीत तो आपल्या नवापुरास अवतरला. माणसास बाधा झाली नाही; परंतु लक्षावधी कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. भरपाई मिळते, हे खरे. तथापि परसातल्या चार कोंबड्या हीच जिची पुंजी, तिला रिकामे खुराडे काय सांगत असेल?

मग कोंबड्यांनाच लस का टोचू नये? यावरील आक्षेप क्षुद्र नाही. लस घेतलेला पक्षी धडधाकट दिसतो, पण त्याच्या अंगी विषाणू गुपचूप नांदू शकतो. शिवाय अशा देशाचे मांस परदेशी बाजारपेठा नाकारतात.

चीनचा अनुभव मात्र विचार करावयास लावतो. तेथे २०१३ साली उद्भवलेला ‘एच७एन९’ विषाणू प्रारंभी कोंबड्यांना आजारीही पाडीत नसे. मरत ती माणसे. काही वर्षांत दीड हजारांहून अधिक लोकांना त्याची लागण झाली व सहाशेंहून अधिक दगावले. २०१७ च्या शरदात तेथील कोंबड्यांना सरसहा लस टोचण्यात आली आणि पुढच्या हंगामात मानवी रुग्ण बोटांवर मोजण्याइतकेच उरले! माणसाच्या प्राणाचे रक्षण पक्ष्याच्या दंडावर नव्हे, मानेवर वा मांडीवर टोचून झाले.

अर्थात लस म्हणजे पहाऱ्याला सुट्टी नव्हे. हाँगकाँगमध्ये लस टोचलेल्या थव्यांत काही पक्षी मुद्दाम बिनलशीचे ठेवीत. विषाणू शिरलाच तर ते प्रथम मरावेत आणि मालकाने सावध व्हावे! अशा चौकीदारांसह, नियमित तपासणीसह दिलेली लस मला सरसकट संहारापेक्षा अधिक शहाणपणाची व अधिक सदय वाटते. मात्र त्या बिनलशीच्या पक्ष्याकडे पाहिले, की वाटते, आपले जुने ऋण फिटत नसून त्यात भरच पडत आहे.