चॅप्टर केसची तारीख

तालुक्याच्या कोर्टात फौजदारी वकिली करताना मला अठ्ठावीस वर्षे झाली. सत्तेच्या विभागणीवर लिहा म्हटले की लोकांना संसद आणि सर्वोच्च न्यायालय आठवते. मला तहसील कचेरी आठवते.

बांधावरून भावकीत जुंपते आणि पोलीस दोन्हीकडच्यांवर चॅप्टर केस करतात. ती चालते तहसीलदारांपुढे, कारण ते कार्यकारी दंडाधिकारीही असतात. टँकर, सातबारा, निवडणूक हे सगळे उरकताना मधल्या वेळात त्यांनी ठरवायचे, की या माणसाने शांतता राखण्याचे बंधपत्र द्यायचे की नाही. पोलीस आयुक्तालयाच्या शहरात तर या खुर्चीत सहायक पोलीस आयुक्त बसतात. धरणारे पोलीस, निवाडा करणारेही पोलीस. हे मला कधीच पटलेले नाही.

न्यायसंस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी करावी, असे घटनेचा अनुच्छेद ५० सांगतो. नोव्हेंबर १९४८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी ही तरतूद घटना समितीपुढे मांडली तेव्हा त्यात तीन वर्षांची मुदत होती. लगेचच ती मुदत गळाली. मुंबई राज्याने १९५१ मध्ये स्वतःचा कायदा केला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने देशभर खटले न्यायिक दंडाधिकाऱ्यांकडे गेले. प्रतिबंधक कारवाई मात्र कचेरीतच राहिली. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, त्यात या कारवाईचे कलम १०७ चे १२६ झाले, एवढेच.

या अंधारात आमच्या हाती एक कंदील आहे, आणि तो एका पुणेकराने लावला. मधू लिमये बिहारातल्या मुंगेरचे खासदार. तिथल्या दंडाधिकाऱ्याने त्यांच्यावर हीच कारवाई केली. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७० मध्ये सात न्यायमूर्तींनी कलम वैध ठरवले, पण बजावले, की चौकशी सुरू केल्याशिवाय अंतरिम बंधपत्र मागता येणार नाही आणि ते दिले नाही म्हणून कोठडीत टाकता येणार नाही.

गेल्या वर्षी माझ्या एका ऊसवाल्या पक्षकाराला आलेली नोटीस झेरॉक्सची होती. नाव तेवढे पेनाने भरलेले. कारण: ‘सदर इसम तापट स्वभावाचा असून शांतता भंग होण्याची शक्यता आहे.’ त्याच्या चुलतभावाच्या नोटिशीत अक्षरशः तेच वाक्य. ही माहिती कोणी दिली, केव्हा, कशावरून, काही नाही. दोन्ही कागद मी शेजारीशेजारी टेबलावर ठेवले आणि लिमयेंचा निकाल वाचून दाखवला. तहसीलदारबाई तरुण होत्या. त्यांनी दोनदा वाचला, जामीनदार घेऊन दारात ताटकळलेल्या माणसांना बसायला सांगितले, आणि हवालदाराला म्हणाल्या, “आधी तुमचा जबाब होऊ दे, शपथेवर.”

हवालदाराने पुढची तारीख मागितली.