आजीचं घड्याळ, झाकण उघडल्यावर

रुमालाच्या गाठीतून एक लेडीज घड्याळ यवतमाळच्या घड्याळजीच्या टेबलावर येतं. पुसद, दारव्हा किंवा वणीकडच्या एखाद्या कपाटात ते वर्षानुवर्षं पडून असतं. सोबत ठरलेलं वाक्यही येतं, "आजीचं आहे, स्वातंत्र्याच्या आधीचं." घड्याळजी वाद घालत नाही. भिंग डोळ्याला लावतो आणि पाठीमागचं झाकण उघडतो.

तबकडीवर त्याचा फारसा भरवसा नसतो. आपल्याकडे काळवंडलेल्या तबकड्या सर्रास पुन्हा रंगवल्या गेल्या. रंगवणाऱ्याचा हात फिरला की अक्षरं जाड होतात, मिनिटांच्या रेघा सरकतात आणि सहाच्या आकड्याखालचं बारीक 'स्विस मेड' कधी कधी गायबच होतं.

मशीन मात्र सहसा कुणी रंगवत नाही.

बायकांच्या घड्याळातलं मशीन शर्टाच्या बटणाएवढं. मापाचं एकक लीन, म्हणजे सुमारे 2.26 मिलिमीटर. सव्वापाच लीनचं मशीन जेमतेम 12 मिलिमीटर भरतं. एवढ्याशा जागेत, बॅलन्सच्या चाकाखाली, मशीन बनवणाऱ्याचा शिक्का दडलेला असतो. वर नाव एका कंपनीचं आणि आत 'ए. एस.' किंवा 'एफ. एच. एफ.' हे स्विस कारखान्यांचे शिक्के दिसले, तरी ती बनवाबनवी नव्हे. कित्येक स्विस कंपन्या तयार मशीन विकत घेऊन आपल्या नावाने घड्याळं बाजारात आणत.

मग वयाचा हिशेब सुरू होतो. बॅलन्सच्या माणकावर वीणेच्या आकाराची चिमुकली स्प्रिंग दिसली, तर ती इन्काब्लॉक ही धक्का सोसणारी रचना. म्हणजे मशीन 1930 च्या दशकाच्या अलीकडचं. तबकडीच्या तळाशी 'टी स्विस मेड टी' असेल, तर अंधारात चमकणारा रंग ट्रिटियमचा. रेडियम मागे पडून तो 1960 च्या दशकात रुळला. नियम साधा आहे: सगळ्यात नवा मूळ भाग जेव्हाचा, त्याच्या आधी घड्याळ जात नाही.

झाकणाच्या आत 'एचएमटी' आणि तबकडीवर 'सुजाता' निघालं, तर स्वातंत्र्याआधीची गोष्ट तिथेच संपते. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीचा बंगळूरचा घड्याळ कारखाना उभा राहिला तो 1961 मध्ये. 'पॅरा शॉक' हे धक्का सोसण्याच्या रचनेचं नावही सिटिझनकडूनच आलेलं. सुजाता हे चावीचं लेडीज घड्याळ या कारखान्याच्या सुरुवातीच्या नावांपैकी एक. घड्याळ आजीचंच असतं, फक्त तिच्या लग्नातलं नसतं. कदाचित नोकरीच्या पहिल्या पगाराचं असेल.

झाकणाच्या आतल्या बाजूला आणखी एक दप्तर असतं. दुरुस्ती करणारे तिथे सुईने बारीक खुणा कोरत: कधी महिना आणि साल, कधी नुसतं एक अक्षर. विदर्भाच्या उन्हाळ्यात तेल सुकतं, धूळ आत शिरते, त्यामुळे घड्याळ पुन्हा पुन्हा उघडलं जातं. सगळ्यात जुनी वाचता येणारी तारीख सापडली की घड्याळ त्या सालापर्यंत तयार होऊन वापरात होतं, एवढं पक्कं. एकीकडून मशीन आणि दुसरीकडून ही खूण, यांच्यामध्ये घड्याळाचं वय सापडतं.

म्हणून घरातलं जुनं घड्याळ दुरुस्तीला देताना झाकणाला पॉलिश मारू देऊ नका, तबकडी रंगवू नका आणि बदललेला प्रत्येक भाग पुडीत बांधून परत मागून घ्या.