‘फाईन’ म्हणजे बरं की चोख?

तुम्हाला कुणी इंग्रजीत ‘हाऊ आर यू?’ असं विचारलं, तर तोंडातून काय निघतं? ‘आय ॲम फाईन.’ शाळेत पाठ केलेलं हे उत्तर बहुतेकांना जन्मभर पुरतं. मला मात्र हा शब्द खरा कळला तो करोल बागेत, आमच्या गलाईच्या दुकानात.

गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागातली कितीतरी कुटुंबं या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. आमचं घर त्यातलंच. लग्न होऊन मी दिल्लीला आले ती थेट बीडनपुऱ्यात. इथे गल्लोगल्ली दागिने घडवणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडचं जुनं सोनं, तुकडे, इतकंच काय पण दुकान झाडल्यावर निघालेली धूळसुद्धा गलाईवाल्याकडे येते. त्या धुळीतही सोन्याचे कण असतात.

दिवसभर दुकानात एकच प्रश्न ऐकू येतो, ‘फाईन कितना निकला?’ विचारणारा बंगाली असो, पंजाबी असो की आपला मराठी माणूस, शब्द तोच. इथे फाईन म्हणजे शुद्ध सोनं. दागिन्यात तांबं, चांदी असे इतर धातू मिसळलेले असतात. ते काढून टाकल्यावर जे उरतं, ते फाईन.

तुमच्या अंगावरच्या दागिन्यातही हा शब्द लपलेला आहे. शुद्ध सोनं 24 कॅरेटचं. 22 कॅरेटच्या दागिन्यात 24 पैकी 22 भाग सोनं, म्हणजे हजारात सुमारे 916. म्हणून हॉलमार्कमध्ये 916 हा आकडा असतो. 18 कॅरेटला 750 आणि 14 कॅरेटला 585. या आकड्याला इंग्रजीत ‘फाईननेस’ म्हणतात. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर अक्षरं आणि आकडे मिळून सहा खुणांचा एचयूआयडी क्रमांकही असावा लागतो. दागिना घेताना तो जरूर पाहा.

मग ‘आय ॲम फाईन’मधला फाईन आणि आमच्या दुकानातला फाईन एकच का? हो, एकच. लॅटिन भाषेत ‘फिनिस’ म्हणजे शेवट. जे शेवटापर्यंत नेलं, ज्यात आणखी सुधारायला काही उरलं नाही, ते फाईन. त्यातून उत्कृष्ट, शुद्ध, नाजूक, बारीक असे अर्थ आले. दंडाला फाईन म्हणतात त्याचंही मूळ तेच. पैसे भरले की प्रकरण संपलं!

मराठीत या एका शब्दाला आपण किती वेगवेगळे शब्द वापरतो बघा. फाईन गोल्ड म्हणजे चोख सोनं. फाईन सिल्क म्हणजे तलम रेशीम. फाईन पावडर म्हणजे बारीक पूड. फाईन आर्ट्स म्हणजे ललित कला. फाईन प्रिंट म्हणजे करारातली ती बारीक अक्षरं, जी आपण न वाचताच सही करतो. आणि फाईन म्हणजे नेहमी चांगलंच असंही नाही. दिल्लीच्या हवेतल्या ज्या पीएम 2.5 कणांची हिवाळ्यात रोज चर्चा होते, त्यांनाही इंग्रजीत ‘फाईन पार्टिकल्स’च म्हणतात. ते इतके बारीक असतात की थेट फुप्फुसात खोलवर जातात.

आता वापराची एक सोपी खूण सांगते. फाईन हा शब्द नामाच्या आधी आला, तर बहुतेक वेळा उत्तम, शुद्ध किंवा बारीक असा अर्थ असतो. ‘ॲम’, ‘इज’नंतर माणसाबद्दल किंवा परिस्थितीबद्दल आला, तर ठीक किंवा बरं असा. ‘शी इज अ फाईन सिंगर’ म्हणजे ती उत्तम गायिका आहे. ‘शी इज फाईन’ म्हणजे तिची तब्येत ठीक आहे. तब्येतीबद्दल बोलताना ‘आय ॲम व्हेरी फाईन’ म्हणू नका, ते कानाला खटकतं. ‘आय ॲम व्हेरी वेल’ म्हणा. ‘दॅट्स फाईन’ म्हणजे चालेल. कुणी आग्रहाने वाढत असताना ‘आय ॲम फाईन’ म्हटलं, तर त्याचा अर्थ ‘बास, नको आता.’ आणि मुलीने नुसतंच ‘फाईन!’ म्हणून दार आपटलं, तर काय समजायचं ते आयांना सांगायला नको. आपलं ‘बरं!’ही अगदी असंच आहे. होकारही त्यातच आणि रागही त्यातच.

खरी गंमत इथेच आहे. सोन्यासाठी फाईन म्हणजे सगळ्यात वरची पायरी. माणसासाठी फाईन म्हणजे कसंबसं ‘बरं’. हजारात 999 आहे की 750, हे सोन्याचं आम्ही तपासून घेतो. माणसाने ‘फाईन’ म्हटलं की तपासत नाही.

माझे थोरले दीर वीस वर्षं भट्टीपाशी होते. सोनं शुद्ध करताना ते नायट्रिक ॲसिडमध्ये टाकतात. तेव्हा तांबूस-तपकिरी धूर निघतो. तो छातीला फार वाईट. भावजींना खोकला होता, पण गावाहून सासूबाईंचा फोन आला, ‘कसा हायस बाबा?’ की उत्तर ठरलेलं, ‘बरं हाय आई.’ इथे डॉक्टरांनी विचारलं, ‘हाऊ आर यू फीलिंग?’ तर तिथेही ठरलेलंच, ‘फाईन, सर.’ डॉक्टर लिहायला लागले. मग थोरल्या जाऊबाईंनीच तोंड उघडलं. हिंदी जमेल तसं वापरून सांगितलं, दोन जिने चढले की हे थांबतात, रात्री उशाला दोन उश्या लागतात, पहाटे खोकून खोकून उठून बसतात. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. एक्स-रे झाला, फुंकर मारून श्वास मोजायची तपासणी झाली. श्वास बराच कमी भरला. त्या दिवसापासून भावजी भट्टीपाशी गेले नाहीत. आता ते गल्ल्यावर बसतात, आणि भट्टीवर धूर बाहेर ओढून नेणारा मोठा पंखा बसवला आहे.

आमच्या शेजारच्या खोल्यांत यूपीएससीची तयारी करणारी मराठी मुलं राहतात. निकालाच्या दिवशी त्यांचे घरी फोन चालतात. ‘फाईन आहे गं आई’ हे वाक्य जिन्यातसुद्धा ऐकू येतं. अशा वेळी जाऊबाई काही विचारत नाहीत. पिठलं-भाकरीचं ताट नेऊन ठेवतात आणि तिथेच बसून राहतात. ताट अर्धं संपेपर्यंत मुलगा आपणहून बोलायला लागतो.

म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे. रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं, तर खुशाल ‘फाईन’ म्हणा. डॉक्टरांसमोर मात्र हा शब्द बाजूला ठेवा. तिथे नेमकं सांगणारी तीन वाक्यं पाठ करा. ‘माय कफ इज वर्स ॲट नाईट’, म्हणजे खोकला रात्री वाढतो. ‘आय गेट ब्रेथलेस ऑन द स्टेअर्स’, म्हणजे जिना चढताना दम लागतो. ‘इट स्टार्टेड टू मन्थ्स अगो’, म्हणजे दोन महिन्यांपूर्वी सुरू झालं. इंग्रजी अडलं तर मराठीत सांगा, हिंदीत सांगा, पण नेमकं सांगा.

आणि तुमच्या घरातलं कुणी दूर गावी असेल, तर आज फोनवर ‘फाईन’ किंवा ‘बरं आहे’ ऐकल्यावर लगेच ठेवू नका. काल रात्री झोप लागली का, जेवायला काय केलं होतं, असं काहीतरी पुढचं विचारा.