मागच्या खेपेला किती हुतं?

ऑगस्टमध्ये इथल्या, इंग्लंडमधल्या, शाळांना सुट्टी असते, त्यामुळे शाळांची पॅट टेस्टिंगची कामं आमच्याकडे त्याच महिन्यात येतात. प्लग लावून वापरायची प्रत्येक वस्तू तपासायची: किटली, प्रिंटर, एक्स्टेन्शन, पंखा, लॅपटॉपचा चार्जर. लेस्टरमधल्या एका प्राथमिक शाळेत मी सलग चौथ्या वर्षी गेलो होतो. हॉलच्या कोपऱ्यातल्या कपाटात फरशी घासायचं यंत्र होतं. पंधरा मीटर लांब वायरीचं, धातूच्या अंगाचं. टेस्टरला जोडलं, अर्थिंगची चाचणी घेतली. पडद्यावर ०.२८ ओहम आलं आणि शेजारी हिरवी खूण. पास.

ते खरोखरच पास होतं. अर्थिंगच्या तारेसाठी ०.१ ओहम आणि शिवाय वायरीचा स्वतःचा रोध, इतकी सूट असते. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेचा रोध मीटरला साधारण १३.३ मिलीओहम. पंधरा मीटरला ०.२ धरा. म्हणजे ०.३ पर्यंत चालतं आणि माझं ०.२८ होतं. पण मी स्टिकर चिकटवला नाही. टेस्टरमध्ये त्या यंत्राचा जुना डेटा भरून आणला होता, तो उघडला. पहिल्या वर्षी ०.२१, दुसऱ्या वर्षी ०.२२, तिसऱ्या वर्षी पुन्हा ०.२२. आणि आता एकदम ०.२८.

चाचणी चालू ठेवून यंत्रात वायर शिरते तिथे ती हळूहळू वाकवली. आकडा ०.२६ वरून ०.४ च्या पुढे उडाला, परत खाली आला. झाकण उघडलं. वायर घट्ट धरणारा क्लॅम्प सैल पडला होता आणि हिरव्या-पिवळ्या तारेतले बरेचसे केसासारखे धागे तुटून गेले होते. वरून प्लास्टिकचं आवरण अगदी धड. उरलेले धागे किती दिवस टिकले असते ते सांगता येत नाही. ते तुटल्यावर यंत्र बंद पडलं नसतं, हे मुख्य. मोटर फिरत राहिली असती, फरशी घासली गेली असती, फक्त यंत्राच्या अंगात कधी वीज उतरली तर तिला जमिनीत जायला वाट राहिली नसती. आणि ते यंत्र ओल्या फरशीवर धरणारी बाई सकाळी सहाला एकटी कामाला येते.

म्हणून पॅट टेस्टरच्या पोटात साठणाऱ्या आकड्यांना मी इतकं जपतो. पुष्कळ जण काम संपलं की फक्त ‘पास’ आणि ‘फेल’ ठेवतात. काही यंत्रांत तशी सोयही असते, मेमरी कमी लागते म्हणून. मला ते पटत नाही. ‘पास’ हा एका दिवसाचा निकाल आहे. चार दिवसांचे चार आकडे शेजारी ठेवले की वस्तू कुठे चालली आहे ते दिसतं.

ग्राहकाला स्टिकर हवा असतो. त्याचा विमावाला विचारतो, मुख्याध्यापक विचारतात, ‘वर्षाचा कायदाच आहे ना?’ मी दर वेळी सांगतो की तसा कायदा नाही. ब्रिटनमध्ये १९८९ चे ‘इलेक्ट्रिसिटी ॲट वर्क रेग्युलेशन्स’ आहेत. धोका टळेल अशा स्थितीत विजेची साधनं राखा, इतकंच ते सांगतात. वर्षातून एकदा तपासा असं त्यात नाही, स्टिकर लावा असंही नाही. आमच्या कामाची आचारसंहिता आयईटी ही संस्था काढते. तिच्या २०२० च्या पाचव्या आवृत्तीतून किती महिन्यांनी तपासायचं त्याचं जुनं तयार कोष्टकसुद्धा गेलं. आता वस्तू कुठे आहे, कोण वापरतं, कशी वापरतं हे पाहून तुम्हीच मुदत ठरवायची. मला हा बदल फार योग्य वाटला. पण मुदत ठरवायची कशावरून? ऑफिसातला मॉनिटर पाच वर्षं जागचा हललेला नाही आणि स्वयंपाकघरातली मिक्सरची वायर दर वर्षी सोलून निघते, हे सांगणार कोण? मागची नोंदच. ती नसेल तर ‘जोखीम पाहून ठरवा’ म्हणजे अंदाजे ठरवा.

नोंदीची ही सवय मला ब्रिटनमध्ये लागलेली नाही. माझे वडील, अण्णा, कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यात वायरमन होते. गळीत हंगाम संपला की मोटरी चार-पाच महिने पडून राहत, त्यातले बहुतेक पावसाळ्याचे. दसऱ्याच्या सुमाराला, बॉयलर पेटायच्या आधी, एकेका मोटरीला मेगर लावायचा. हाताने फिरवायचा दांडीचा मेगर. इन्सुलेशन मोजायच्या कुठल्याही यंत्राला आपल्याकडे वायरमन मेगरच म्हणतात, मग कंपनी कोणतीही असो. पावसाची ओल वाइंडिंगमध्ये शिरलेली असे. आकडा एका मेगओहमच्या खाली आला की मोटर उघडायची, आत मोठे बल्ब लावून दोन-दोन दिवस सुकवायची, पुन्हा मेगर.

शाळेतून मी डबा घेऊन तिकडे जायचो. हेल्पर दांडी फिरवून ओरडायचा, ‘आण्णा, पाच!’ अण्णांच्या मांडीवर कापडी पुठ्ठ्याचं लांब रजिस्टर असायचं. ते लिहायच्या आधी विचारायचे, ‘मागच्या खेपेला किती हुतं?’ आणि स्वतःच पानं उलटून बघायचे. पाच हा आकडा चांगला की वाईट, हे ते त्या आकड्यावरून कधीच ठरवत नसत. मागच्या वर्षी सहा असेल तर ठीक. मागच्या वर्षी पन्नास असेल तर ती मोटर बाजूला. त्या रजिस्टरात तारीख, मोटर नंबर, तिन्ही फेजचे आकडे आणि शेवटी एक अरुंद रकाना होता. त्यात ते ‘पाऊस’, ‘ऊन’, ‘रात्री दव’ असं लिहीत. ओल्या हवेत घेतलेला आकडा कोरड्या हवेतल्या आकड्याशी तोलायचा नसतो, हे मला त्या रकान्याने शिकवलं. आमच्या टेस्टरमध्येही शेरा लिहायची जागा असते. इतरांच्या फाइली मी पाहिल्या आहेत, ती जागा बहुधा रिकामी असते. मी लिहितो: ‘तळघर, भिंतीला ओल.’ ‘किटली नुकतीच धुतलेली.’ ‘वायर बदलली.’ हा शेवटचा शेरा तर हवाच, नाहीतर पुढच्या वर्षी आकडा का सुधारला ते कळत नाही.

एकदा मी सगळं घालवलं. दोन मजल्यांचं ऑफिस होतं. मी खाली, सहकारी वर, दोघांकडे एकेक टेस्टर. दोघांनी वस्तूंचे नंबर एकपासून सुरू केले. संध्याकाळी दोन्ही यंत्रं एकाच फाइलीत उतरवली. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने एका जागेवरची २३ नंबरची वस्तू म्हणजे एकच वस्तू. त्याने माझ्या २३ नंबरच्या किटलीवर वरच्या मजल्यावरचा २३ नंबरचा प्रिंटर चढवला. असं शेवटपर्यंत. मी ते न पाहता दोन्ही टेस्टरांची मेमरी पुसून टाकली होती. चारशेच्या आसपास वस्तू. शनिवार-रविवार दोघं परत गेलो आणि सगळ्या पुन्हा तपासल्या, बिनपैशाने. ग्राहकाला खरं कारण सांगितलं. तेव्हापासून खालचा मजला १ पासून आणि वरचा ५००१ पासून, आणि हे सकाळी गाडीतून उतरायच्या आधी ठरतं.

नंबर ही या कामातली सगळ्यात नाजूक गोष्ट आहे. वस्तूवरचा बारकोड झिजला म्हणून कुणी नवा लावला, नवा नंबर दिला, की वस्तूचा इतिहास तिथेच तुटतो. जुन्या नंबरखाली ‘वस्तू सापडली नाही’ आणि नव्याखाली पहिलंच वर्ष. फाइल एक्सेलमध्ये उघडून तशीच जतन केली की ‘००१७’ चं ‘१७’ होतं. पुढच्या वर्षी स्कॅनर ‘००१७’ वाचतो, यंत्राला ती वस्तू सापडत नाही, ते नवी वस्तू तयार करतं. एका ग्राहकाने मार्केटिंग विभागाला ‘मार’ची तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडा असे नंबर दिले होते. एक्सेलने त्यांच्या मार्च महिन्यातल्या तारखा केल्या. म्हणून मी नंबरांचा रकाना आधी मजकूर म्हणून ठरवतो आणि मगच फाइल आत घेतो. संगणकाच्या काढता येणाऱ्या वायरींनाही वेगळा नंबर देतो, कारण त्या टेबलावरून टेबलावर फिरतात आणि खराब त्याच होतात.

टेस्टरचं घड्याळही सकाळी बघायचं. आतला बटणसेल संपला की बऱ्याच यंत्रांची तारीख मागे, २००० सालावर जाते. मग दिवसभराचं काम कितीतरी वर्षं जुनं होऊन फाइलीत सगळ्यात वर बसतं आणि सगळ्या वस्तूंची मुदत टळलेली दिसते.

त्या शाळेतून परतलो तेव्हा घरी आठ वाजले होते. जेवायच्या टेबलावर टेस्टर ठेवला, लॅपटॉपला जोडला, डेटा उतरवला. एक प्रत लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर. मग दोन्ही प्रती उघडून ओळी मोजल्या. टेस्टर म्हणत होता १८७. फाइलीत १८६. पडद्यावर विचारणा होती, सगळ्या नोंदी पुसायच्या का? मी ‘नाही’ दाबलं आणि यादी वरून खाली एकेक नंबर लावत बसलो. सापडायला वीस मिनिटं लागली. फरशीचं यंत्रच होतं. सकाळची पास झालेली नोंद आणि वायर कापून नव्याने जोडल्यावरची दुपारची नोंद, एकाच नंबराखाली, एकाच तारखेची. सॉफ्टवेअरने दुपारचीच ठेवली होती: ०.२० ओहम, पास.

सकाळचा ०.२८ मी हाताने भरला. शेऱ्यात लिहिलं: ‘अर्थिंगचे धागे तुटलेले, क्लॅम्प बदलला, वायर अर्धा मीटर कापून पुन्हा जोडली.’ ओळी पुन्हा मोजल्या, १८७. मग मेमरी पुसली.